गरोदरपणातली किडनी: छापील ‘नॉर्मल’वर विसंबू नका

दिवस गेले की घरात आधी हिमोग्लोबिनची चौकशी होते. खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे सुरू होतात. किडनीचं नाव निघतं ते पायावर सूज दिसल्यावर. मग बडोद्याच्या मकरपुऱ्यातली सोसायटी असो की पुण्यातला वाडा, सल्ले ठरलेलेच: मीठ तोड, पाणी कमी पी. खरं तर गरोदरपणात किडनीचं काम इतकं बदलतं की एरवीचे ठोकताळे आणि रिपोर्टवरचे छापील आकडे तिथे तसेच्या तसे चालत नाहीत.

गैरसमज: सारखी लघवी लागते म्हणजे किडनी कमजोर झाली.

वस्तुस्थिती: उलट, किडनी जोमाने काम करत असते. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि किडनीकडे जास्त रक्त पोचतं. पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस रक्त गाळण्याचा वेग सुमारे 50 टक्क्यांनी वाढलेला असतो. किडनीची लांबीही साधारण एक सेंटिमीटर वाढते. लघवी वाढायला हे एक कारण आणि वाढत्या गर्भाशयाचा मूत्राशयावरचा दाब हे दुसरं. लघवीला सारखं जावं लागू नये म्हणून पाणी तोडणं मात्र चूक, आणि बडोद्याच्या मे महिन्यात तर धोक्याचंच.

गैरसमज: क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) 1.0 आलं. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ आहे, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती: सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा, साधारण 0.6 ते 1.1, ही गरोदर नसलेल्या बाईसाठी असते. गरोदरपणात किडनी रक्त जास्त गाळते, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन उतरतं आणि बहुधा 0.4 ते 0.8 मिलिग्रॅमच्या दरम्यान राहतं. म्हणजे या काळात 1.0 हा आकडा दिलासा देणारा नाही, डॉक्टरांना दाखवून तपासण्याचा आहे. युरियाही असाच खाली येतो. काही रिपोर्टवर क्रिएटिनिनवरून सूत्राने काढलेला ‘ईजीएफआर’, म्हणजे रक्त गाळण्याचा अंदाजे वेग, छापलेला असतो, पण ते सूत्रही गरोदरपणात भरवशाचं नाही. लॅबमध्ये नमुना देताना आपण गरोदर आहोत आणि कितवा आठवडा चालू आहे, हे जरूर सांगा.

गैरसमज: लघवीत साखर निघाली म्हणजे मधुमेह झालाच.

वस्तुस्थिती: गाळलं जाणारं रक्त वाढलं की त्यातली सगळी साखर किडनीला परत शोषून घेता येत नाही. थोडी लघवीत उतरते, रक्तातली साखर नेहमीची असली तरीही. निदान होतं ते रक्ततपासणीने. आपल्याकडच्या पद्धतीत 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर 140 किंवा त्याहून जास्त आली, तर तो गरोदरपणातला मधुमेह मानतात.

गैरसमज: सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली दिसली, म्हणजे खडा असणार.

वस्तुस्थिती: संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात. त्यात गर्भाशय बहुधा उजवीकडे कलतं आणि तिकडच्या मूत्रवाहिनीवर दाब येतो. त्यामुळे ही फुगवट बऱ्याच जणींत दिसते आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरते. जोडीला कुशीत कळा, थंडी-ताप किंवा लघवीत रक्त असेल, तरच पुढचा शोध घ्यावा लागतो.

गैरसमज: जळजळ नाही, म्हणजे लघवीत जंतू नाहीत.

वस्तुस्थिती: 2 ते 10 टक्के गरोदर बायकांच्या लघवीत काहीही त्रास न होता जंतू असतात. उपचार झाले नाहीत तर त्यांतल्या बऱ्याच जणींत संसर्ग किडनीपर्यंत चढतो, आणि वेळेआधी प्रसूतीचाही धोका असतो. म्हणून सुरुवातीच्या तपासणीतच लघवीचं कल्चर करून घ्यावं. कारखान्यात पाळी असो की लांबचा प्रवास, लघवी तासन् तास दाबून ठेवू नये.

गैरसमज: सूज आली की मीठ-पाणी तोडायचं.

वस्तुस्थिती: गरोदरपणात शरीर सहा ते आठ लिटर जादा पाणी धरून ठेवतं, त्यामुळे संध्याकाळी पाय सुजणं नवलाचं नाही. मीठ तोडल्याने प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे रक्तदाब चढण्याचा गरोदरपणातला आजार, टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. वीस आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा वर गेला, चेहरा एकाएकी सुजला, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगड्यांखाली दुखू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चोवीस तासांच्या लघवीत 300 मिलिग्रॅमपर्यंत प्रथिनं चालतात, त्यापुढे तपास हवा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. वीस आठवड्यांनंतर त्या बाळाच्या किडनीवर परिणाम करतात आणि गर्भजल घटू शकतं.

गैरसमज: किडनीचा आजार असलेल्या बाईने आई होण्याचा विचारच सोडावा.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या एडिथ हेल्म यांना 1956 मध्ये जुळ्या बहिणीची किडनी बसवली, आणि 1958 मध्ये त्या आई झाल्या. जोखीम असतेच, म्हणून दिवस राहण्याआधीच किडनीतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी बोलावं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधं गर्भाला घातक असल्याने डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागतात. स्वतःहून गोळ्या बंद करणं तितकंच धोक्याचं.

तपासणीसाठी फार लांब जायला नको. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर स्त्रियांना डॉक्टर मोफत तपासतात. बडोद्यात मोठं सरकारी रुग्णालय म्हणून सयाजीराव हॉस्पिटल आहेच. दर भेटीत रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या, जुने रिपोर्ट जवळ ठेवा. बाळंतपणात रक्तदाब चढला असेल, तर बाळाच्या लसीकरणाला जाताना आईचीही तपासणी चुकवू नका.