पाऊणपट तिथीचा किनारा

अलिबागच्या वाळूत उभं राहून कुलाबा किल्ल्याकडे बघणाऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न एकच येतो. पाणी कधी उतरणार? याचं उत्तर मोबाइलवर मिळतं, पण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसाला त्याची गरज पडत नाही. तो तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमी असेल तर सहा. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे कोकणातली सुकती. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण हा किनारा बघायचा तर तो पाठच हवा. इथल्या इतिहासातल्या बऱ्याच लढायांचे निकाल याच गणिताने लावलेले आहेत.

गणितात एक मेख आहे. पुनव-अवसेला उधाण असतं. पाणी जितकं चढतं तितकंच खाली उतरतं, पण ती सुकती पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला येते. अष्टमीला सुकती ऐन दुपारी, सहलीला सोयीची, पण तेव्हा भांग असतो आणि पाणी पुरतं हटतच नाही. म्हणून पायी किल्ल्यात जायचं तर झोपमोड करावी. मी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना निघालो. पायाखाली खडक, शेवाळ, मध्येच घोट्याएवढं पाणी. दिवसातून दोनदा बेट होणारी आणि दोनदा जमिनीला जोडली जाणारी ही जागा दुर्ग म्हणून निवडणाऱ्याची नजर किती पक्की होती, हे चालताना कळतं.

शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात सुरू झालेलं हे बांधकाम संभाजीराजांच्या वेळी पुरं झालं. तटाचे मोठाले चिरे चुन्याविना एकमेकांवर बसवलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिथेच तिचा जोर मोडतो. आत गोड्या पाण्याचं तळं आहे आणि राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन या किल्ल्यावर चालून आले. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे तेव्हा हयात होते आणि बाजीराव पेशवे मदतीला धावून आले. दोन दर्यावर्दी सत्तांची ती मोहीम हात हलवत परतली.

उथळ पाण्याचं बळ याहून स्पष्ट दिसतं ते खांदेरीला. थळ गावासमोर दोन बेटं आहेत. जवळचं उंदेरी, त्यापलीकडचं खांदेरी. मुंबई बंदराच्या तोंडाशीच असल्याने इथून जाणारं-येणारं प्रत्येक गलबत टिपता येतं. 1679 च्या पावसाळ्याअखेरीस शिवरायांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी माणसं घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईकर इंग्रज खवळले. त्यांनी वेढा घातला. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाच्या हाताखालचं मराठा आरमार त्यांच्यावर चालून गेलं, त्यात इंग्रजांचं डव्ह हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ या मोठ्या युद्धनौकेने मात्र तोफांच्या जोरावर मराठ्यांना मागे रेटलं. समोरासमोरच्या लढाईत तोफांचा जोर इंग्रजांकडे होता, हे मान्य करायला हवं. पण मराठ्यांच्या होड्यांना फार पाणी लागत नव्हतं. दिवसा त्या खाडीत शिरत, तिथे मोठं जहाज मागे येऊ शकत नसे. रात्री त्याच होड्या धान्य, दारूगोळा आणि माणसं घेऊन पहारा चुकवून बेटावर पोचत. वेढा असताना तट चढतच राहिला. जानेवारी 1680 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने उंदेरी बळकावली. इंग्रजांनी मात्र खांदेरीचा नाद सोडला. आरमाराच्या इतिहासात विजयांची मोजदाद बुडवलेल्या जहाजांवर होते. माझ्या लेखी खांदेरीचा विजय रोज रात्री पोचलेल्या तांदळाचा आहे.

आज बेटावर 1867 चं दीपगृह आहे, काठीने ठोकला की धातूसारखा निनादणारा दगड आहे आणि कोळ्यांचा वेताळ आहे. युनेस्कोने जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे. वेताळाच्या पाया पडायला येणाऱ्या होड्या त्याआधीही येत होत्या, आताही येतात.

थळच्या उत्तरेला नवगाव. बेने इस्रायल या ज्यू मंडळींच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथेच फुटलं आणि सात जोडपी वाचून किनाऱ्याला लागली. त्यांनी घाण्यावर तेल काढलं, शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून आली: किहीमकर, पेणकर, रोहेकर. घरातली भाषा मराठी झाली. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले आणि तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

जवळच किहीम. 1930 च्या पावसाळ्यात सलीम अली इथे सुगरण पक्ष्यांची घरटी बघत बसले. नर घरटं अर्धवट विणतो, माद्या येऊन पारखतात, एखादीला पसंत पडलं की तो ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्याला सुरुवात करतो. पक्षिनिरीक्षणात नाव झालेला हा शोध लागला तो एका जागी चिकाटीने बसून. अलिबाग-किहीमला शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या बसण्याचा हेवा वाटावा.

अलिबागहून दक्षिणेला नागाव ओलांडलं की नारळी-पोफळीच्या सावलीतून चौल येतं. टॉलेमीने नोंदवलेलं, अरब प्रवाशांनी सैमूर म्हटलेलं बंदर. आज वाडीतून जाताना बंदराची खूण सापडत नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायच्या आशेने इथे उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला आणि बिचाऱ्याला तो परत मिळवताना नाकी नऊ आले. निकितिनचं स्मारक शेजारच्या रेवदंड्यात आहे. 1508 मध्ये चौलच्याच पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तटबंद नगर वसवलं आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर 1594 मध्ये जिंकून घेतला. 1740 मध्ये मराठ्यांशी झालेल्या तहात दोन्ही ठिकाणं सोडून ते निघून गेले.

गेले, पण सगळं नेलं नाही. कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. या वस्तीत जेमतेम काही शे माणसं आपसात एक भाषा बोलतात. भाषातज्ज्ञ तिला कोर्लई क्रिओल पोर्तुगीज म्हणतात, गावात तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. शब्द पोर्तुगीज. पण पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं, इथे ते मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं आहे. जवळजवळ तीनशे वर्षं आजूबाजूला मराठीच असताना एखादी भाषा आपले शब्द सांभाळते आणि चाल मात्र शेजाऱ्याची उचलते, हे मला या किनाऱ्यावरच्या कुठल्याही बुरुजापेक्षा मोठं वाटतं. बुरुजांना जागतिक वारशाची पाटी मिळते. या भाषेला पाटी कोण लावणार? मुलं मराठी शाळेत जातात, मोठी झाली की मुंबईला. भाषा घरातल्या आजीजवळ राहते.

गावात मासळी निवडत बसलेल्या एका आजींना मी मराठीत विचारलं, तुमची भाषा ऐकायला मिळेल का? “ऐकायची कशाला? बसा, नातू येईल आता,” म्हणाल्या आणि मासळीकडे वळल्या. मुलगा दप्तर टाकून आला. आजी त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी रागावल्या. त्याने उत्तर मराठीत दिलं. आजींनी पुन्हा त्यांच्याच भाषेत विचारलं, पुन्हा तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी मुलगा थांबला, हसला, आणि त्याच भाषेत दोन शब्द बोलून किनाऱ्याकडे पळाला. सुकती लागली होती, त्याला शिंपल्या वेचायला जायचं होतं.