विनोदी मालिका बसवणारा माणूस

‘चिमणराव’ म्हटले की दिलीप प्रभावळकर आठवतात, गुंड्याभाऊ म्हटले की बाळ कर्वे. ‘ये जो है जिंदगी’ म्हटले की सतीश शाह. पण या मालिका बसवल्या कुणी, असे विचारा. बहुतेक जण गप्प बसतील. विनोद रंगला तर श्रेय नटाचे, फार तर लेखकाचे. फसला की मात्र दिग्दर्शकाला कळत नव्हते, असे आपण म्हणतो.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. याकूब सईद, विजया जोगळेकर-धुमाळे, विनायक चासकर हे तिथले निर्माते. नोकरी सरकारी, पगार ठरलेला. कार्यक्रम गाजला म्हणून खिशात काही अधिक पडत नसे, पण पडला म्हणून उद्याची भाकरीही जात नसे.

१९८४ मध्ये दूरदर्शनवर प्रायोजित मालिका आल्या आणि हे गणित बदलले. मालिका बाहेरच्या निर्मात्याने काढायची, खर्च प्रायोजकाने उचलायचा आणि त्या बदल्यात आपल्या जाहिराती दाखवायच्या. ‘ये जो है जिंदगी’च्या मागे विको कंपनी उभी राहिली, म्हणजे आपले पेंढरकर! दिग्दर्शकाला नवे दार उघडले, पण ते पुढच्या मंजुरीपुरतेच.

त्या दारातून आत आलेले एक नाव म्हणजे कुंदन शाह. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला हा माणूस. १९८३ मध्ये त्यांनी ‘जाने भी दो यारों’ काढला, तोही एनएफडीसीच्या पैशावर, सात लाखांच्या आत. पदार्पणातील दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढे झाल्यावर निर्माते रांग लावतील असे वाटते ना? पण त्यांचा पुढचा चित्रपट, ‘कभी हाँ कभी ना’, पडद्यावर यायला १९९४ उजाडले. मधली अकरा वर्षे त्यांच्यातला विनोदी दिग्दर्शक जिवंत राहिला तो छोट्या पडद्यावर.

‘ये जो है जिंदगी’चे दिग्दर्शन त्यांनी मंजुल सिन्हा आणि रमण कुमार यांच्यासोबत केले. लेखन शरद जोशी यांचे. सतीश शाह दर भागात नवे सोंग घेऊन येत; आपण त्यांनाच पाहत बसायचो. मला विचाराल तर खरे कसब दुसरीकडे होते. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे जोडपे साधे, शेजारच्या घरातले वाटावे इतके साधे ठेवले होते. घर सरळ असले तरच पाहुण्याचा विक्षिप्तपणा उठून दिसतो. दोघांनीही हशा मिळवण्याची धडपड केली असती तर नुसता गोंगाट झाला असता. नटाला कुठे थांबवायचे, हे दिग्दर्शकाचे काम. ते जमले की दिसतच नाही, हीच पंचाईत!

पुढे १९८६ मध्ये सईद मिर्झा यांच्याबरोबर ‘नुक्कड’. तिथे घरही नाही, नायकही नाही. एक नाका आणि त्यावर जगणारी माणसे. समीर खक्कर यांचा दारुडा ‘खोपडी’ हसवायचा, पण त्याच्या दारिद्र्याला कुणी हसत नसे. १९८८ मध्ये ‘वागले की दुनिया’: आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला कारकून, दुर्गा खोटे यांच्या संस्थेची निर्मिती, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. त्याच्या एका भागात शाहरुख खान नावाचा तरुण दिसला होता. ‘कभी हाँ कभी ना’चा नायक तोच.

७ ऑक्टोबर २०१७ रोजी कुंदन शाह गेले. बातम्यांचा मथळा एकाच चित्रपटाचा होता. तिन्ही मालिकांची वासलात खाली एखाद्या ओळीत लागली. घराघरांत जे अधिक पाहिले गेले, ते त्यांच्या नावावर कमी लागले.

२०२१ मध्ये सोनी सबवर वागळे परत आले. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आता आजी-आजोबा, कर्ता मुलगा सुमीत राघवन. ही मालिका मात्र आठवड्याची नव्हे, रोजची. रोजच्या मालिकेत आज लिहिलेले लगेच चित्रित होते, चित्रीकरणाला दिग्दर्शक आलटून-पालटून येतात, आणि वाहिनीची माणसे कथेवर नजर ठेवून असतात. नटाला ‘एवढे नको, जरा कमी कर’ हे सांगायला दोन तालमी लागतात. तेवढा वेळ तिथे मिळतोच असे नाही.