चार कोंबड्यांचा उपविधी

अमेरिकेतील शहरात घराच्या परसात कोंबड्या पाळता येतात की नाही, याचे उत्तर केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यात सहसा सापडत नाही. ते त्या त्या शहराच्या उपविधींत, म्हणजे निवडून आलेल्या नगरसभेने आपल्या हद्दीपुरत्या केलेल्या नियमांत शोधावे लागते. त्यामुळे एकमेकांना लागून असलेल्या दोन गावांपैकी एकात कोंबडी कुत्र्या-मांजरांच्या पंक्तीला बसते, तर दुसऱ्यात तीच गुराढोरांच्या वर्गात जाऊन मालकाला दंड घडवते. हे नियम बदलून घेण्यासाठी गेल्या दोन-अडीच दशकांत तेथील अनेक शहरांतील रहिवासी संघटित झाले, आणि प्रश्न किरकोळ वाटला तरी स्थानिक लोकशाही प्रत्यक्षात कशी चालते हे समजून घेण्यास इतके सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल.

ही बंदी पुरातन नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शहरांत कोंबड्या, डुकरे आणि गाई वस्तीतच असत. सार्वजनिक आरोग्याच्या नियमांनी त्यांतील मोठी जनावरे आधी बाहेर काढली. पुढे विसाव्या शतकात झोनिंग आले, म्हणजे शहराची जमीन निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्ट्यात काय चालेल हे ठरवणारी नियमव्यवस्था. ओहायो राज्यातील युक्लिड या उपनगराच्या खटल्यात 1926 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी विभागणी वैध ठरवली, आणि निवासी पट्ट्यातून शेती व तिच्यासोबत येणारे प्राणी वगळण्याला भक्कम आधार मिळाला. गमतीचा भाग असा की त्याआधी जेमतेम आठ-दहा वर्षे, पहिल्या महायुद्धाच्या काळात, याच देशाचे कृषी खाते घरातील माणशी दोन कोंबड्या परसात पाळा, असे भित्तिपत्रके लावून नागरिकांना सांगत होते. मोठ्या कारखानदारी पोल्ट्रींमुळे अंडी स्वस्त झाल्यावर परसातील कोंबडीची गरज उरली नाही, आणि जी गोष्ट गरजेची नाही तिच्यावर बंदी घालायला फारसा विरोध होत नाही.

विस्कॉन्सिन राज्याची राजधानी असलेल्या मॅडिसन शहरात ही बंदी 2004 साली उठली. तोपर्यंत तेथे काही कुटुंबे लपूनछपून कोंबड्या पाळत होती आणि त्यांच्या गटाला ‘चिकन अंडरग्राउंड’, म्हणजे कोंबडीवाल्यांची भूमिगत संघटना, असे अर्धे गमतीचे नाव पडले होते. या गटाने नगरसभेकडून जो नियम करून घेतला तो पुढे इतर शहरांतील चळवळींना नमुन्यासारखा उपयोगी पडला, आणि 2008 साली ‘मॅड सिटी चिकन्स’ या माहितीपटामुळे ही कहाणी शहराबाहेरही पोचली. नियम आटोपशीर होता: जास्तीत जास्त चार कोंबड्या, कोंबडा नाही, परसात कोंबडी कापायची नाही, पक्षी सदैव झाकलेल्या खुराड्यात किंवा कुंपणाच्या आत, आणि खुराडे शेजाऱ्याच्या घरापासून किमान 25 फूट दूर.

या अटींतील जवळपास प्रत्येक अट एखाद्या शेजाऱ्याच्या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे, आणि चळवळीचे खरे कसब येथेच दिसते. पहाटेच्या आरवण्याची तक्रार सर्वांत मोठी. पण अंडी घालण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते, तो लागतो केवळ अंड्यातून पिल्ले हवी असतील तर, त्यामुळे कोंबड्यावरील बंदी मान्य करण्यात पाळणाऱ्यांचे फारसे काही जात नव्हते. (कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, हे मराठी माणसाला ठाऊक आहे, तेथील नगरसभेने कोंबडेच हद्दपार केले.) वासाच्या तक्रारीला अंतराची अट, उंदीर-घुशींच्या भीतीला बंदिस्त खुराडे व झाकणाच्या डब्यात ठेवलेले खाद्य, आणि ‘आज चार, उद्या चाळीस’ या शंकेला संख्येची मर्यादा, अशी बांधणी केली की विरोधकाला आक्षेप घ्यायला फारशी जागा उरत नाही. कोंबडी पाळणे हा आमचा हक्क आहे, एवढेच घोकत राहणाऱ्या मोहिमेपेक्षा शेजाऱ्याच्या कुरकुरीला उत्तर देणारा मसुदा स्वतःच तयार करून नेणारी मोहीम अधिक पुढे जाते.

मसुदा हाती असला तरी वाट लांबच असते. आधी एखादा नगरसेवक प्रस्ताव मांडण्यास राजी करावा लागतो, मग प्रस्ताव आरोग्य, नियोजन अशा समित्यांकडे जातो, आणि शेवटी जाहीर सुनावणीत ज्याला बोलायचे आहे त्याला मोजकी मिनिटे मिळतात. नगरसेवकांइतकीच तेथील कर्मचाऱ्यांचीही समजूत पटावी लागते, कारण प्राणी-नियंत्रण विभागाला धास्ती असते ती तक्रारींचे काम वाढण्याची. म्हणून जाणते कार्यकर्ते आधीच परवानगी दिलेल्या शहरांतील तक्रारींची माहिती गोळा करून ती समितीपुढे ठेवतात.

रोगाचा आक्षेप मात्र अंतराच्या अटीने मिटत नाही, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या समर्थकांनी आपल्याच बाजूचे नुकसान केले आहे. कोंबड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हे आतड्याचा विकार घडवणारे जिवाणू पसरतात, आणि 2020 साली अमेरिकेत घरगुती कोंबड्या-बदकांशी जोडलेल्या साथींत सतराशेहून अधिक लोक आजारी पडल्याची नोंद तेथील रोगनियंत्रण केंद्राने केली. हात धुणे आणि लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ न देणे हाच त्यावरचा साधा इलाज. बर्ड फ्लूचे भय वेगळ्या जातीचे आहे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातील या रोगाचा पहिला उद्रेक झाला तेव्हा परिसरातील पक्षी सरसकट मारावे लागले होते, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. रानपक्ष्यांचा संसर्ग उघड्यावर फिरणाऱ्या कोंबड्यांना होऊ शकतो, त्यामुळे वरून झाकलेले खुराडे ही अट शेजाऱ्याइतकीच कोंबडीच्याही हिताची ठरते.

मॅडिसननंतरच्या वर्षांत इतर शहरांनी आपापले गणित मांडले. क्लीव्हलँडने 2009 साली संख्या जमिनीला बांधली: दर 800 चौरस फुटांमागे एक पक्षी, म्हणजे 4,800 चौरस फुटांच्या सर्वसाधारण भूखंडावर सहा. सिअॅटलने 2010 साली मर्यादा तीनवरून आठवर नेली, पण नवा कोंबडा आणण्यास दार बंद केले. डेन्व्हरने 2011 साली आठ कोंबड्या किंवा बदकांसोबत दोन ठेंगण्या शेळ्यांनाही जागा दिली. मिनीआपोलिसमध्ये एके काळी 100 फुटांच्या आतील 80 टक्के शेजाऱ्यांच्या सह्या आणाव्या लागत. ही अट वरवर लोकशाहीची वाटते, पण तिच्यामुळे नगरसभेने दिलेली परवानगी दोन-चार नाखूश शेजाऱ्यांच्या हाती जाते. कुत्रा आणताना अशी सही कोणी मागत नाही.

नियम झाल्यावरचे प्रश्न प्रचारात फारसे येत नाहीत. मार्च 2025 मध्ये बर्ड फ्लूमुळे अमेरिकेत डझनभर अंड्यांची सरासरी किंमत सहा डॉलरच्या वर गेली, तेव्हा पुन्हा अनेकांचे लक्ष परसाकडे वळले. परंतु खुराडे, कुंपण आणि खाद्य यांचा खर्च धरला तर घरचे अंडे बहुधा महागच पडते. तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते, दोन-तीन वर्षांनी तिची अंडी कमी होत जातात, आणि त्यानंतरही ती कित्येक वर्षे जगू शकते. जेथे घरी कापण्यास मनाई आणि संख्येला चारची मर्यादा, तेथे म्हाताऱ्या कोंबडीचे करायचे काय, हे नियम सांगत नाही. पिल्लू मोठे होऊन कोंबडा निघाले तरी तीच पंचाईत, आणि असे पक्षी शेवटी प्राणी-आश्रयगृहांच्या दारी येतात.

शिवाय नगरसभा जिंकली म्हणजे सर्वांचेच परस मोकळे झाले असेही नाही. अमेरिकेतील कोट्यवधी लोक घरमालक संघांच्या वसाहतींत राहतात, आणि तेथे घर विकत घेतानाच मान्य केलेल्या खासगी करारात कोंबड्यांना मनाई असेल, तर शहराच्या नव्या उपविधीने ती आपोआप उठत नाही. आपल्याकडील गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत बहुमत जमवताना जी दमछाक होते तीच तेथेही, कारण असा करार बदलायला साधे बहुमत बहुतेकदा पुरत नाही, आणि नगरसभेत वापरलेले तेच कागद घेऊन दारोदार फिरणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.