हातापायांवरील पाणफोड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तळहातावर, बोटांच्या कडांवर किंवा तळपायावर पाण्याने भरलेले बारीक फोड उठून अनावर कंड सुटू लागला, म्हणजे त्या सर्वांस सरसकट ‘खरूज’ किंवा ‘नायटा’ म्हणून शेजाऱ्यास गुण आलेले मलम चोळण्याची जी रूढी घरोघर आढळते, ती रोग्यास हितावह नाही. कारण दिसण्यात सारख्या असणाऱ्या या विकारांची कारणे भिन्न असून एकाचा इलाज दुसऱ्यास अपायकारक ठरू शकतो.

गैरसमज : कंड सुटणारे फोड म्हणजे खरूजच.

वस्तुस्थिती : खरजेची सूक्ष्म कीड कातडीच्या वरच्या थरात बीळ करून राहते; कंड रात्री बळावतो, बोटांची बेचकी, मनगटे, काखा आणि बेंबीभोवतीचा भाग खाजतो, आणि बहुधा घरातील इतरांनाही तोच त्रास असतो. पहिल्या लागणीत खाज 4 ते 6 आठवड्यांनी सुरू होत असल्यामुळे, ज्यांस अद्याप काही जाणवत नाही अशा कुटुंबीयांवरही एकाच वेळी उपचार करणे अगत्याचे असते. याउलट, ज्यात तळव्यांवर व बोटांच्या कडांवर साबुदाण्यासारखे खोल दाणे उठतात, दोन-तीन आठवड्यांत सुकून सालपटे निघतात आणि पुन्हा उद्भवतात, तो पाणफोडी इसब मुळीच संसर्गजन्य नाही.

गैरसमज : घाम कोंडल्याने पाणफोडी इसबाचे फोड येतात.

वस्तुस्थिती : लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ टिलबरी फॉक्स यांनी 1873 साली याच समजुतीने या विकाराचे नामकरण केले, परंतु पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता फोडांचा घर्मनलिकांशी संबंध नसल्याचे सिद्ध झाले. घामाने त्रास वाढतो, तथापि मूळ विकार इसबाचाच होय.

गैरसमज : हाताचे दुखणे हातापुरतेच असते.

वस्तुस्थिती : पायाच्या बोटांतील बुरशीची, म्हणजे चिखल्यांची, प्रतिक्रिया म्हणून तळहातावर फोड उठू शकतात; त्या फोडांत बुरशी नसते, आणि पाय बरे झाल्यावाचून हात बरे होत नाहीत. बिब्बा उतला असता किंवा काजूच्या टरफलातील तेल लागले असता येणारे फोड मात्र त्या स्पर्शाचेच फळ असतात.

गैरसमज : तांबडेपणा गेला, म्हणजे मलम लागू पडले.

वस्तुस्थिती : इसबास उपकारक असणारे स्टेरॉइडयुक्त मलम नायट्यावर लावल्यास दाह तात्पुरता दबतो, परंतु बुरशी फोफावते आणि नायट्याची ओळखीची कड पुसट होऊन निदान दुष्कर होते. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली साधी तपासणी पुष्कळदा या प्रकरणाचा निकाल लावते.

म्हणून फोड प्रथम कोठे उठले, घरात आणखी कोणास कंड आहे, हातापायांस कशाचा स्पर्श झाला आणि आजवर कोणते मलम लावले, ही हकीकत त्वचारोगतज्ज्ञांस निःसंकोच सांगावी. आणि पू, ताप किंवा पसरती लाली दिसल्यास, विशेषतः रोगी मधुमेही असल्यास, बिलकुल दिरंगाई करू नये.