अंतरंगाची रोजकीर्द

सिंदी मेघेपासून जवळच असलेले सेवाग्राम १९३९ मध्ये अजून सेगाव म्हणूनच ओळखले जात होते. त्या वर्षीच्या आरंभी गांधीजींकडे एक ज्यू स्नेही मुक्कामाला होते : हर्मन कॅलनबॅक. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील आपली ११०० एकर जमीन सत्याग्रही कुटुंबांना विनामोबदला वापरू देणारे वास्तुविशारद ते हेच. १९१४ च्या बोटप्रवासात त्यांच्या महागड्या दुर्बिणीवरील आसक्तीविषयी उभयतांत वाद झाला, तेव्हा ती समुद्रात फेकून देण्यास त्यांनी आनंदाने संमती दिली. लोभावर मात करणे त्यांना साधले. क्रोध मात्र आवरेना. जर्मनीत त्यांच्या बांधवांचा छळ चालला होता. अहिंसा बुद्धीला पटते, पण हिटलरसाठी प्रार्थना करवत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. गांधीजींनी त्यांचे नाव न घेता ही गोष्ट ‘हरिजन’मध्ये लिहिली आणि त्या रागाबद्दल त्यांना दूषण दिले नाही.

कषायजयावरील कित्येक प्रवचनांहून मला हा प्रसंग अधिक बोलका वाटतो. मनात क्षमा उमललेली नसता ती उमलल्याचे सोंग त्या गृहस्थांनी केले नाही.

ज्यू परंपरेत चारित्र्यशुद्धीच्या साधनेला ‘मुसार’ म्हणतात. बाह्य आचारांवर पुष्कळ लिहिले गेले, अंतःकरणाची कर्तव्ये मात्र उपेक्षित राहिली, या खंतीतून अकराव्या शतकात स्पेनमधील बह्या इब्न पाकुदा यांनी स्वतंत्र ग्रंथ रचला. पुढे १८०८ मध्ये मेंडेल लेफिन यांनी ‘हेश्बोन हा-नेफेश’ प्रसिद्ध केला. नावाचा अर्थ आत्म्याचा हिशेब. किंबहुना ‘हेश्बोन’ आणि अरबीतून आपल्याकडे आलेला ‘हिशेब’ ही एकाच धातूची लेकरे. पद्धत अगदी व्यापारी वळणाची आहे. तेरा गुण निवडावेत, एकेका सप्ताहात एकाच गुणावर लक्ष ठेवावे आणि दररोज रात्री स्खलनांची नोंद करावी. वर्षाला चार आवर्तने पूर्ण होतात. ही कल्पना अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनची. लिथुआनियातील इस्राएल सालांतेर यांनी एकोणिसाव्या शतकात मुसारची चळवळच उभी केली. रोजकीर्द आणि खतावणी ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली, त्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपले दैवसिक प्रतिक्रमण याहून फार प्राचीन. त्यांच्या हिशेबाला ईश्वर साक्षी असतो, आपला जीव स्वतःच्या कर्मांना स्वतः उत्तरदायी; हा भेद लहान नाही.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल लोक त्यांच्या प्रायश्चित्तदिनाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. शुभ्र वस्त्रे, कडक उपवास आणि घराची दारे बंद. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ : दानधर्म आणि आप्तेष्टांच्या भेटी. पर्युषणानंतरच्या आपल्या दिवसांची आठवण होते. मात्र त्यांच्या धर्मशास्त्रात एक कठोर अट आहे. माणसाने माणसाचा केलेला अपराध केवळ उपवासाने फिटत नाही. ज्याला दुखावले त्याची समजूत आधी काढावी लागते. त्याने नाकारल्यास तीन सोबती घेऊन पुन्हा जावे, तरीही न मानल्यास आणखी दोनदा जावे. त्यानंतरही तो अडून राहिला, तर दोष त्याच्याकडे जातो.

क्षमापनेच्या दिवशी आपल्या भ्रमणध्वनीवरून एकाच वेळी शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडं’ जाते. ज्याच्याशी भिंतीवरून किंवा वाटणीवरून बोलणे तुटले आहे, त्या भावाचा क्रमांक त्या यादीत बहुधा नसतो.