म्हातारा राखणदार आणि पौषातली थंडी

पौषात निफाडकडे पारा कित्येकदा पाच अंशांखाली उतरतो. मग द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या धुमसतात. बाग जपलीच पाहिजे. पण अंगाचे मुटकुळे करून पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे कोणाचे लक्ष जाते?

आमचा राजा १२-१३ वर्षांचा झाला, तरी त्याची झोपण्याची जागा खळ्यावरच होती. तरुणपणी दवात भिजून उठे, अंग झाडी, की झाले. एके पहाटे मात्र तो उठेना. कान गार, मागचे पाय ताठलेले. आईने त्याला पुसून कोरडे केले, गोधडीत गुंडाळून चुलीपासून हातभर अंतरावर ठेवले. दुपारी उभा राहिला. चूक आमचीच होती. म्हातारपणी मांस झडते, चरबी उतरते, मग अंगात ऊब धरत नाही. सांधे आखडतात ते वेगळेच.

पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचे. गार, ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते. पोत्यात गव्हाचे काड भरून ते पडवीत, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात टाका. रोज उन्हात वाळवा. संध्याकाळची भाकरी कोमट पाण्यात कुस्करून, नेहमीपेक्षा थोडी जास्त घाला. आणि एक ध्यानात ठेवा: कुडकुडणारे जनावर एकाएकी कुडकुडायचे थांबून सुस्त पडले, तर त्याला बरे वाटले असे समजू नका. ती धोक्याची खूण आहे. ऊब देत देत डॉक्टरांना बोलवा.

म्हाताऱ्या बैलालाही हेच लागू. त्याला रात्रीची वैरण भरपूर हवी. कडबा पोटात पचताना अंग आतून तापते. दात झिजले असतील तर कुट्टी करून घाला. गोणपाटाची झूल भिजली की लगेच काढा. दारे-झरोके लावून गोठ्यात शेगडी मात्र ठेवू नका. धूर कोंडतो, आग लागायचीही भीती.

मांजराचे निराळेच. माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळी त्याला चुकूनही देऊ नये, एका गोळीनेही ते दगावते. शिवाय थंडीत ते उबदार राखेत जाऊन झोपते. तेव्हा सूनबाई, पहाटे काडी ओढण्याआधी चुलीत एकदा वाकून बघा.