वळिवाच्या ढगांवर उपग्रहाची नजर

उन्हाळ्याच्या तोंडी खळ्यावर आलेला गहू-हरभरा व काढून शेतात ठेवलेला कांदा घटकाभराच्या वादळाने मातीमोल होतो. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने हाच कटू अनुभव दिला. वादळ थोपविणे मानवाच्या हाती नाही. परंतु त्याची चाहूल वेळेवर लागल्यास पुष्कळ हानी टळते. ह्या कामी हवामान-उपग्रहांची चित्रे उपयोगी पडतात.

भारताने २०१६ साली इन्सॅट-३डीआर व २०२४ साली इन्सॅट-३डीएस हे उपग्रह सोडले. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून ते पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे एका जागी स्थिर भासतात. प्रत्येक उपग्रहाचे नवे चित्र साधारणतः अर्ध्या तासाने मिळते.

चित्र कसे वाचावे?

रात्रीही ढग दिसावेत म्हणून अवरक्त किरणांनी चित्र घेतात. त्यावरून ढगाच्या माथ्याचे तापमान कळते. हवेत जसजसे उंच जावे तसतशी थंडी वाढते. म्हणून उंच ढगाचा थंड माथा पांढराशुभ्र उमटतो. मोठ्या गडगडाटी ढगाचा माथा बारा किलोमीटरच्याही वर जाऊन ऐरणीसारखा पसरतो.

मात्र प्रत्येक पांढरा ठिपका वादळ नव्हे. उंचावरील विरळ, तंतुमय ढगही तसेच दिसतात. यास्तव लागोपाठची दोन-तीन चित्रे ताडून पाहावीत. ठिपका झपाट्याने वाढून अधिक शुभ्र होत असेल, तर ढग जोमाने चढत आहे असे समजावे. तो कोणत्या दिशेस सरकतो, हेही ह्या तुलनेनेच कळते.

मर्यादा व कर्तव्य

उपग्रहास ढगाचा माथा दिसतो, पोटातील गारा दिसत नाहीत. त्यांचा माग रडार घेते. विजेची सूचना ‘दामिनी’ ह्या भ्रमणध्वनीवरील सेवेतून मिळते. म्हणून केवळ चित्रावर विसंबून न राहता हवामान खात्याचा इशारा प्रमाण मानावा.

इशारा मिळताच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो वस्ती-वस्तीवर पोहोचवावा. शेतकरी बंधूंनी धान्याच्या राशी झाकाव्यात, जनावरे झाडाखाली बांधू नयेत व स्वतः पक्क्या घराचा आसरा घ्यावा. ढग गरजू लागल्यावर मात्र राशीसाठी शेतात धावू नये. धान्य पुन्हा पिकविता येते, गेलेला जीव परत येत नाही.